बागेवर पडलेले चिंचोके

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील सभांमधून पत्रकं आणायचे आणि आमच्या घरात ती वर्तमानपत्राच्या आधी वाचली जायची. मागणी कशी मांडायची हे मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ ही शेवटची ओळ तर तोंडपाठ होती. त्यामुळे मुदखेडजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेवर लागल्यावर मुख्याध्यापकांनी मला मुलांची मतं गोळा करायला सांगितली, तेव्हा मी हरखून गेले.

सरांना ती मतं कशासाठी हवी होती, हे लपलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख त्यांतली सुंदर शाळा निवडायला येणार होते. सर उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, आणि शाळेत त्यांनी एक बाग उभी केली होती. माती गोदावरीच्या काठावरून, पोत्यात भरून, स्वतःच्या मोटारसायकलवर आणलेली. रोपं विष्णुपुरीकडच्या रोपवाटिकेतली. मधोमध देशी बदामाचं मोठं झाड, पटांगणातली एकुलती एक सावली. भोवती काटेरी तार. मुलांची मतं पाहुण्यांपुढे ठेवावीत आणि जाण्याआधी त्या बागेला कुणीतरी चांगलं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

लिहून मतं घेतली तर ज्यांना लिहिता येतं त्यांचंच ऐकू येतं, म्हणून मी व्हरांड्याच्या फरशीवर खडूने शाळेचा नकाशा काढला. वर्ग, हातपंप, खिचडीची खोली, पटांगण, बाग. प्रत्येकाला एक चिंचोका दिला. शाळेत जिथं बदल पाहिजे, तिथं तो ठेवायचा. एकेकाने जायचं, बाकीच्यांनी नकाशाकडे पाठ करून बसायचं.

पहिल्या दिवशी नकाशा कोराच राहिला. चिंचोके मी घरून आणले होते आणि आईने ते भाजून ठेवलेले होते. पोरं पाठ करून बसली ती गालात चिंचोका धरूनच.

सर हसून हसून बेजार झाले. “मॅडम, तुमचे मतदार मतच खाऊन बसले.”

दुसऱ्या दिवशी कच्चे आणले. सगळ्यांचं झाल्यावर आम्ही दोघं नकाशाजवळ गेलो. हातपंपावर थोडे होते, खिचडीच्या खोलीवर एखाददुसरा. बाकी सगळा ढीग बागेवर.

सरांचा चेहरा उजळला. “बघा, लेकरांचा जीव हाय बागेत.”

प्रश्न काय होता याची त्यांना आठवण करून देणं मला जड गेलं, पण मी दिली. जिथं बदल पाहिजे, तिथं चिंचोका. मग मुलांकडे वळून त्यांनी बागेत काय खटकतं ते विचारलं. तिसरीतली एक मुलगी उठली.

“बाग चांगली हाय, सर. पन आमी उन्हात जेवतो अन् सावली तारंच्या आत हाय.”

“आत सोडलं तर फुलं ऱ्हातील का?”

“हात न्हाई लावणार.” तिने जरा विचार केला. “लागला तर वरडा. पन एकडाव वरडा, रोज नगं.”

पोरं फिसकन हसली. सर ऑफिसात गेले.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला बोलावलं. केंद्रप्रमुख येऊन गेल्यावर तार काढू, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणाले, “सर, नंतर म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, आणि सुट्टीनंतर तुम्ही नसाल. विचारलंय तर ऐकावं लागेल. ऐकायचं नव्हतं तर विचारायचंच नव्हतं.”

आजही मी यातला एक शब्द मागे घेणार नाही. मुलांना विचारायचं आणि त्यांचं उत्तर पाहुण्यांपुढे शोभेसाठी मांडायचं, ही फसवणूकच आहे. पण बोलताना समोर माझ्या पत्रकांमधला कुणी मंत्री नव्हता. मातीने नखं काळी झालेला एक थकलेला माणूस होता, आणि त्याचा आवाज माझ्यापेक्षा खाली होता. ते एवढंच म्हणाले, “सात-आठ दिवस थांबली असती लेकरं.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी ते घरची पक्कड घेऊन आले आणि तार त्यांनी स्वतःच कापली. पोरं ताटल्या घेऊन आधी बिचकत, मग एकदम आत घुसली. पहिलीतलं एक पोरगं झेंडूच्या वाफ्यातच मांडी घालून बसलं. सरांचा हात वर गेला, तोंड उघडलं. मग ते वळले आणि हातपंपावर जाऊन उगीच हात धूत उभे राहिले.

केंद्रप्रमुख आले तोवर झेंडू संपला होता. वाटेवर खिचडीची शितं आणि मुंग्यांची रांग. त्यांनी बागेची ही दशा कशी झाली, असं विचारलं. सर म्हणाले, लेकरं जेवतात इथं. निवड दुसऱ्या शाळेची झाली. सरांना वाईट वाटलं. ते त्यांनी लपवलं नाही आणि मीही समजूत काढायला गेले नाही.

तरी झारी त्यांनी सोडली नाही. मधल्या सुट्टीत पोरं बदामाखाली जेवत असायची आणि सर त्यांच्यामधून वाट काढत, एकेकाला पाय उचलायला सांगत, उरलेल्या गुलाबांना पाणी घालायचे.