मामाची कबुली

टाकीमामाला खोटं बोलता येत नसे, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. खोटं बोलायला जी जराशी चलाखी लागते ती त्याच्याकडे नव्हतीच. मामीने भाजी कशी झालीय विचारलं की खारट आहे म्हणून तोंडावर सांगायचा आणि वर दोनदा मागून घ्यायचा. सव्वीस वर्षं त्याने पाण्याच्या टाकीवर काढली. वर उंच टाकी, खाली पंपाची खोली, खोलीत एक खुर्ची, भिंतीलगत ब्लीचिंग पावडरच्या गोण्या आणि एक निळी बादली. एवढंच त्याचं राज्य. पण ते त्याने डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. उगाच नाही अख्खी वस्ती, लहानथोर सगळे, त्याला मामा म्हणत.

टाकी कालव्याच्या काठावर होती. अलीकडे मामाची वस्ती, पलीकडे त्या लोकांची. त्यांचा देव वेगळा, प्रार्थना वेगळी, मेलेल्या माणसाला निरोप द्यायची रीत वेगळी. पाणी तेवढं एकच, ह्याच टाकीचं. टाकीवर कामाला माणसंही दोन. सकाळच्या पाळीला पलीकडचा जोडीदार आणि दुपारी दोनपासून मामा. पंधरा वर्षं दोघं दोनच्या ठोक्याला दारात भेटत आले. जोडीदार वीस वर्षांनी लहान, बडबड्या, त्याला गप्प करायचं तर पंप सुरू करावा लागे. त्याची आई मामासाठी अधूनमधून डबा धाडायची आणि रिकामा डबा न्यायला स्वतः पूल ओलांडून यायची, कारण डब्यांच्या बाबतीत तिचा मुलावर काडीचा भरवसा नव्हता. मामा तिला मावशी म्हणायचा.

आता बादलीचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्यापायी झाला. दुपारची टाकी भरायची ती नेमकी पाळी बदलताना. पावडर बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी टाकीत सोडायचं. ज्याला सवड असेल त्याने हे करायचं. म्हणून दोघांनी आपापसात खूण ठरवली होती. औषध टाकून झालं की बादली पालथी घालायची. पालथी दिसली म्हणजे काम झालेलं, सरळ दिसली म्हणजे राहिलेलं. वहीत लिहायचा नियम होता, पण ओल्या पांढऱ्या हातांनी वही कोण धरतो? पंधरा वर्षांत एकदाही गफलत झाली नव्हती.

त्या मंगळवारी जोडीदाराने औषध टाकलं, बादली पालथी घातली आणि तो घरी गेला. मामा आत आला तर पाइपाच्या जोडातून पाणी गळत होतं. त्याने हाताला लागली ती बादली उचलली आणि गळतीखाली ठेवली. तासभर पाना घेऊन झटापट केली, गळती थांबवली, बादलीतलं पाणी बाहेर फेकलं आणि बादली कोपऱ्यात ठेवली, सरळ. मग चहा प्यायला. चहा पिऊन वळला तर समोर बादली सरळ. अरेच्चा, म्हणाला, आज औषध राहिलंच की. आणि त्याने दुसऱ्यांदा औषध टाकलं. त्यातून गळतीच्या नादात उशीर झालेला, म्हणून गाळ बसायची वाट न बघता सगळंच्या सगळं ओतलं.

संध्याकाळी नळाला पाणी आलं ते नाकात झोंबणारं. मुलांचे डोळे लाल झाले, घसे जळले, उलट्या सुरू झाल्या. एक ओकला की त्याला बघून दुसऱ्याच्या पोटात ढवळतंच. चाळीसेक मुलं दवाखान्यात नेली. देवाची कृपा, बुधवारी दुपारपर्यंत सगळी धडधाकट घरी आली. डॉक्टर घसा फोडून सांगत होते की पाण्यात औषध जास्त पडलंय, दुसरं काही नाही. पण तोवर वस्तीने आपलं ठरवलं होतं. विष. सकाळच्या पाळीला टाकीवर कोण असतो? पलीकडचा. झालं. बुधवारी सकाळी पोलिसांनी जोडीदाराला उचललं, त्याच्याच सुरक्षेसाठी म्हणे, आणि संध्याकाळपर्यंत तेच पोलीस त्याला विष कुणी दिलं ते विचारत होते.

अहो, पलीकडची मुलंही ओकत होती. टाकी एकच, पाणी एकच. मग स्वतःच्याच मुलांना विष कोण पाजेल, हा प्रश्न एका तरी शहाण्याला पडायला नको? पडला होता. वस्तीच्या प्रार्थनाघरात एका म्हातारीने विचारला होता. त्यावर नवे गुरुजी मंद हसून म्हणाले, "आजी, ती नाटकं. त्यांनी आधीच पाणी भरून ठेवलं होतं." म्हातारीने मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली. आणि खरं सांगतो, मामानेही डोलावली.

ह्या प्रार्थनाघराची एक जुनी रीत होती, कबुलीची. जुन्या गुरुजींनी घालून दिलेली. दर रविवारी कोणीतरी एकाने उभं राहायचं आणि आठवड्यात आपल्या हातून झालेली एक चूक सगळ्यांसमोर सांगायची. जुने गुरुजी म्हणायचे, दुसऱ्यांच्या चुका देवाला दिसतात, त्यासाठी त्याला तुमची मदत लागत नाही, तुम्ही फक्त आपली सांगा. तेव्हा लोक सांगताना रडायचे, घाम फुटायचा त्यांना. जुने गुरुजी गेले, नवे आले, माइक आला, आणि कबुलीचा पार चोथा झाला. लोक उभे राहून सांगू लागले की माझी चूक अशी, की मी स्वतःकडे फार दुर्लक्ष करतो आणि दुसऱ्यांसाठीच राबतो. मग सगळे हळहळायचे, नवे गुरुजी पाठीवर हात ठेवायचे. मामा मात्र वेडा, अजून खऱ्या चुका सांगायचा. वहीत नोंद केली नाही. मामीवर ओरडलो. लोक त्यावरही हळहळायचे आणि म्हणायचे, बघा, किती निर्मळ माणूस.

गुरुवारी जोड पुन्हा गळायला लागला. औषध टाकून स्वतःच पालथी घातलेली बादली मामाने उचलली, सरळ केली, गळतीखाली ठेवली. आणि तिथेच थांबला. मंगळवारी आपण हेच केलं होतं. अगदी हेच. पालथी होती ती आपणच सरळ केली. तो गोण्यांवर बसला आणि बराच वेळ पाणी बादलीत पडताना बघत राहिला. बादली भरून वाहायला लागली तरी उठला नाही.

घरी गेल्यावर त्याने मामीला सगळं सांगितलं. मामीने आधी खिडकी लावली. मग म्हणाली, "अहो, हे आता कुणाला सांगू नका. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. आणि लोक घरात घुसतील."

"तो आत आहे," मामा म्हणाला. "मारत असतील त्याला."

"माहितेय मला." मामी रडायला लागली. "मला काय आनंद होतोय का? पण तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

शुक्रवारी मामा कचेरीत साहेबांकडे गेला. साहेबांनी ऐकलं, दार लोटून घेतलं आणि काखा वर केल्या. "मामा, तुम्ही दमलायत. बादली सरळ काय, पालथी काय. असल्या गोष्टींवर कचेरी चालते का? नोंद आहे का वहीत? नाही ना? मग तुम्हाला वाटतंय ते खरंच कशावरून?" मामा पोलीस चौकीतही गेला. तिथल्या हवालदाराने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि तो म्हणाला, "घाबरू नका मामा. पलीकडचे कोणी तुम्हाला धमकावतायत का? नाव सांगा फक्त." मामाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हवालदाराने कागदावर लिहून घेतलं की साक्षीदार दबावाखाली आहे. आतल्या खोलीतून कोणीतरी कण्हत होतं. तो जोडीदारच होता की कोण, मामाला कळलं नाही. आत जाऊन बघायचा धीरही त्याला झाला नाही, आणि ते त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही.

शनिवारी वस्तीत उघडच बोलणं सुरू झालं. उद्या प्रार्थना झाली की पूल ओलांडायचा. त्यांना एकदा दाखवून द्यायचं. पेट्रोलचे कॅन कुणाच्या पडवीत ठेवलेत हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मामाने दिवसभर जुन्या गुरुजींना आठवून देवाकडे एकच मागणं मागितलं. मला बोलता येऊ दे. बिचाऱ्याला वाटत होतं की अडचण बोलण्याची आहे.

रविवारी प्रार्थनाघरात पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या गुरुजींनी पाण्यावर प्रवचन केलं. पाणी म्हणजे देवाची माया, आणि त्यात विष कालवणारा म्हणजे देवाचा वैरी, आणि देवाच्या वैऱ्याला क्षमा करणं हे पुण्य नव्हे, भित्रेपणा. एकही शिवी नाही, आवाज चढवणं नाही. हळुवार, आईने मुलाला भरवावं तसं. मग त्यांनी विचारलं, आज कबुली कोण देणार?

मामा उठला. मामीने त्याचा सदरा धरला, त्याने तो सोडवून घेतला.

"पाण्यात औषध मी टाकलं," तो म्हणाला. "विष नव्हतंच. त्याने एकदा टाकलं होतं, बादली पालथी घातली होती. ती मी सरळ केली आणि विसरलो. मग मी परत टाकलं, गाळासकट. त्याचा काही दोष नाही. माझा आहे. मला न्या चौकीत. आणि पुलावर जाऊ नका, तुमच्या पाया पडतो."

मामाच्या मनात आलं, सुटलो.

नवे गुरुजी खाली उतरले, चालत त्याच्याजवळ आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. असल्या माणसांना आपलंच बोलणं ऐकून रडू येतं. "बघा," ते लोकांना म्हणाले, "हे आपल्या माणसाचं काळीज. वैऱ्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतो. तुम्हीच सांगा, सव्वीस वर्षांत हा मामा एकदा तरी चुकलाय?"

"नाही," सगळे म्हणाले.

"एकदा तरी?"

"नाही."

"अहो, चुकलोय," मामा म्हणाला. "मंगळवारी चुकलो, तेच सांगतोय." पण बायका रडत होत्या, पुरुष त्याच्या खांद्याला हात लावून डोळ्यांना लावत होते. कोणीतरी मागून म्हणालं की अशा देवमाणसाला ज्यांनी इतकं घाबरवलंय त्यांची आता खैर नाही. आणि लोक उठले. मामाच्या कबुलीने त्यांना थांबवलं नाही. जे चार-दोन जण अजून घरी जावं की काय अशा विचारात होते, तेही उठले.

मामा गर्दीतून वाट काढत धावला. सत्तावन्न वर्षांचं शरीर, धाप लागली, एक चप्पल कुठे गेली कळलं नाही. तो पुलाच्या तोंडाशी सगळ्यांच्या आधी पोचला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. "मी केलं," तो ओरडला. "ऐका, मी केलं. जायचं तर मला मारून जा."

त्याला कोण मारणार? दोन तगड्या पोरांनी त्याला अलगद उचलून खांद्यावर घेतलं. मामा वरून हात झाडत होता, लाथा झाडत होता, आणि ओरडत होता की मी केलं, मी केलं. मागच्यांना शब्द ऐकू येत नव्हते, नुसता मामा दिसत होता, हात उंचावून काहीतरी ओरडणारा. ते त्याच्या आवाजात आवाज मिसळू लागले. असा तो पूल ओलांडून गेला, सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांच्या वर.

पुलापलीकडचं तिसरं घर जोडीदाराचं. कॅनवाले पुढे सरकले. दाराची कडी वाजली आणि मावशी बाहेर आली. पाच दिवसांत निम्मी झाली होती. तिने गर्दीकडे पाहिलं, हातांतल्या कॅनकडे पाहिलं, आणि मग वर तिला मामा दिसला. तिचा जीव भांड्यात पडला. चेहऱ्यावर ते सरळ दिसलं.

"तू आलास होय," ती म्हणाली. "बरं झालं बाबा आलास. सांग ना रे ह्यांना काहीतरी. तुझं ऐकतील."

मामाने तोंड उघडलं. आवाज बसला होता.

"सांगितलं गं मावशी," तो म्हणाला. "मघापासून तेच सांगतोय."

तिला ते ऐकू गेलं नाही. ती मान वर करून त्याच्या बोलण्याची वाट बघत राहिली.