पत्रीतली खाजोटी

कुठलंही पान हाती आलं की मास्तर ते उजेडाला धरायचे आणि त्यालाच विचारायचे, "काय पावणं, गाव कंचं?" कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे हे शाहूपुरीतले आमचे शेजारी. आधी झाडाचं गाव, मग नाव, असा त्यांचा हट्ट. झाडांच्या वेशी जणू त्यांनीच आखल्या होत्या. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. ते कधी चुकतंय याची आपण वाटच बघत असतो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं होती. समोरच्या घरी नव्या सुनेची पहिली मंगळागौर. पन्हाळ्याकडची बाई दारावर पत्रीची टोपली देऊन गेली. पानं निवडता निवडता सुनेनं बोट झटकलं.

"मास्तर, ही अंगाची आग करणारी खाजोटी तर नव्हे?"

मास्तर समोरच्या आपल्या ओसरीवरच्या खुर्चीतून उठलेही नाहीत. "खाजोटी घाटमाथ्यावरच्या ओल्या रानातली, नाहीतर थेट हिमालयातली. शाहूपुरीत कशाला येईल? खुशाल वाहा."

टोपलीत बसूनही पान गाव सोडतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

पूजेला सुनेनं ओंजळ भरून पत्री घेतली आणि किंचाळून देवीपुढं टाकली. हात टरारून सुजले. सासू कडाडली, "पैल्याच पूजेला देवीनं झिडकारली हिला! ऊठ. परत पाटावर बसायचं न्हाय." आरडाओरडा ऐकून मास्तर दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान खाली घालून निघून गेले.

पुढच्या मंगळवारी आम्ही बायका जमलो तेव्हा पाट रिकामाच होता. सून कोपऱ्यात. मास्तर आले, रुमालातून खाजोटीची फांदी काढली आणि सगळ्यांदेखत मुठीत आवळली. त्यासाठी ते स्वतः घाटमाथ्यावर जाऊन आले होते.

"वहिनी, हा पानाचा गुण. देवी कोपली नाही. पोरीनं विचारलं होतं, मीच चुकीचं सांगितलं. आणि त्या दिवशी गप्प राहिलो, त्याची फार लाज वाटते."

सासू त्यांच्या लाल झालेल्या मुठीकडं बघत राहिली. "सोडा की आता ती फांदी, मास्तर." मग सुनेला म्हणाली, "बस गं पाटावर."

सुनेचं निभावलं. मास्तरांनी मात्र पुन्हा कुठल्या पानाला गाव विचारलं नाही. आम्ही मुद्दाम पान पुढं केलं तर कसनुसं हसायचे. मला त्यांची फार कीव यायची.

काही वर्षांनी त्यांना परगावी नोकरी लागली. निघताना सून पाया पडली. आशीर्वादाला त्यांचा खाजोटी आवळलेला तोच हात अर्धा वर आला आणि थांबला. टांग्यात चढेपर्यंत तो त्यांनी पाठीमागेच धरला होता.