हात बरा आहे?

समोर माणूस आला की आमच्या गोऱ्या सरांचा उजवा हात आपोआप पुढे यायचा. समोरच्याचा हात हातात घेऊन ते विचारायचे, "हात बरा आहे?" कसे आहात, जेवलात का, असलं काही नाही. पाटील असो, पोस्टमन असो, कापसाची बंडी हाकणारा असो, सगळ्यांना हाच एक प्रश्न. लोक हसून म्हणायचे, "बरा हाये, सायेब." साहेबाला मराठी तेवढंच येतं, असा गावाचा समज होता. तुम्हीही ऐकलं असतं तर हसला असता. ते तसं का विचारत, हे मला ठाऊक होतं आणि मी ते कधी कुणाला सांगितलं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. मारेगावच्या पलीकडे आमच्या गावात हायस्कूल नवंच निघालं होतं आणि मी तिथे गणित शिकवत होतो. अमेरिकेहून एक तरुण मास्तर इंग्रजी शिकवायला येणार असं पत्र आलं, तेव्हा हेडमास्तरांनी शाळेला चुना मारून घेतला आणि साहेबाला सांभाळायचं काम माझ्यावर टाकलं, कारण शाळेत बी. ए. झालेला मी एकटाच. माझं बी. ए. कसं झालं होतं ते माझं मला माहीत. इंग्रजी वाचलं तर कळायचं. बोलायची वेळ आली की घशात कापूस कोंबल्यासारखं व्हायचं.

पांढरकवड्याहून येणाऱ्या एस.टी.तून ते उतरले तेच कंडक्टरशी हात मिळवून. उंच, पोरसवदा, उन्हाने नाक सोललेलं. त्यांनी हेडमास्तरांशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला आणि ट्रंक उचलायला आलेल्या शिपायाशीही मिळवला. शिपायाने आधी आपला हात धोतराला पुसला. शाळेपर्यंतच्या वाटेवर ते बोलत होते आणि मी प्रत्येक वाक्याला "येस सर" म्हणत होतो. प्यायला पाणी कुठे मिळेल एवढंच ते विचारत होते, हे मला त्यांनी पाचव्यांदा विचारल्यावर कळलं.

पहिला तास आठवीचा. एरवी तो माझा असे. त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो. सरांनी एका मुलाला काहीतरी विचारलं. तो उठला आणि त्याने इंग्रजीच्या पुस्तकातला पहिला धडा धडाधड म्हणून दाखवला. दुसऱ्याला विचारलं, त्याने दुसरा धडा म्हटला. सर माझ्याकडे पाहायला लागले आणि मी खिडकीबाहेर. मला त्यांची दया येत होती आणि स्वतःची त्याहून जास्त.

तेवढ्यात तो मुलगा दारात येऊन उभा राहिला.

तो शेजारच्या खेड्यातल्या बौद्ध वस्तीतला. दीड कोस चालत यायचा, म्हणून रोज उशीर. आमच्याकडे नियम असा होता, की उशिरा येणाऱ्याने दारात थांबायचं, उजवा हात पुढे करायचा, एक छडी खायची आणि जागेवर जायचं. छडी टेबलावरच असे. बोरीच्या फांदीची, टोकाशी एक गाठ असलेली. मीच तोडून आणली होती. मी स्वतःला मोठा सुधारक समजत असे. पण त्या मुलाला खडू द्यायचा झाला तर मी तो त्याच्या तळहातावर वरून सोडत असे. त्याच्या हाताला शाळेत लागत होती ती फक्त छडी.

मुलाने डोळे मिटले, मान वळवली आणि हात पुढे केला. सरांना केवढा आनंद झाला! सकाळपासून आपणहून हात पुढे करणारा हा पहिलाच माणूस. त्यांनी पुढे होऊन तो हात दोन्ही हातांत घेतला आणि चांगला गदागदा हलवला.

सरांनी हात सोडला, पण मुलाने तो मागे घेतला नाही. डोळे मिटून तसाच उभा. सरांनी पुन्हा हात मिळवला. तरी हात पुढेच. तिसऱ्या वेळी पोरं हसायला लागली. मग मुलाने डोळे उघडले, वर्गभर नजर फिरवून मला शोधलं आणि हळूच म्हणाला, "सर, माही छडी राह्यली."

सरांनी मला खुणेने विचारलं, काय म्हणतो? मला इंग्रजीत काही म्हणता येईना. मराठीत तरी काय म्हटलं असतं कोण जाणे. "बस जागेवर," एवढंच मी त्याला म्हणालो.

मधल्या सुट्टीनंतर अर्धा वर्ग मुद्दाम उशिरा आला आणि हात पुढे करून दारात रांगेत उभा राहिला. सरांनी सगळ्यांशी हात मिळवला. बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. शाळेचे अध्यक्ष गावातले मोठे कास्तकार. त्यांच्याच घरची बाहेरची खोली सरांना दिली होती आणि जेवणही तिथेच. शाळा सुटायच्या आत त्यांचा निरोप आला. हेडमास्तरांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"जेवाच्या आधी आंघोळ करा म्हणा त्यायले. अन् उद्यापासून त्या पोराचा हात धरू नका म्हणा. साहेबाचं काय, तो जाईन आपल्या देशात. नाव कटन ते पोराचं."

संध्याकाळी शाळेपुढच्या निंबाखाली मी सरांना घेऊन बसलो. त्या मुलाचं नाव शाळेतून कटू द्यायचं नव्हतं, एवढं मला कळत होतं. खरं सांगावं तर हा माणूस अध्यक्षांशी भांडायला जाईल, अशीही भीती होती. मी जुळवाजुळव केली. तो मुलगा. हात. धरू नका. सर कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून विचारलं, त्याच्या हाताला काही आजार आहे का?

मी हो म्हणालो. इतका वेळ अडलेली माझी जीभ त्या एका शब्दाला मात्र अडली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा दारात आला तेव्हा सर हातात मलमाची डबी घेऊन तयार होते. त्यांनी त्याला खिडकीपाशी उजेडात नेलं, तळहात उलगडला आणि आजार शोधायला लागले. हातावर वळ होते. काही जुने, काही ताजे, आणि प्रत्येकाच्या शेवटी गाठीचा एक ठिपका. सरांनी ते बोटाने चाचपले. मग टेबलाकडे पाहिलं. छडी तिथेच होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी मुकाट्याने मलम लावलं. मग बाकीच्या पोरांनीही आपापले हात पुढे केले. डबी त्याच दिवशी संपली. अध्यक्षांनी हरकत घेतली नाही. औषधासाठी हात धरला तर चालतं, असं ते म्हणाले. आंघोळ तर सर उकाड्यापायी रोज संध्याकाळी करतच होते. मुलाचं नाव शाळेत राहिलं. छडी मी घरी नेऊन चुलीत घातली.

त्या संध्याकाळी सरांनी मला एक वाक्य मराठीत शिकवायला सांगितलं. ते मीच शिकवलं. दुसऱ्या दिवसापासून ते त्या मुलाला रोज विचारू लागले आणि हळूहळू साऱ्या गावाला. मला मात्र त्यांनी ते कधीच विचारलं नाही. दोन वर्षं आम्ही एका शाळेत होतो.

ते गेले त्या दिवशी एस.टी.पाशी सारा गाव जमला होता. तो मुलगाही होता, तोवर दहावीत गेलेला. सगळ्यांशी हात मिळवून झाल्यावर सर शेवटी माझ्याकडे आले. माझा उजवा हात त्यांनी हातात घेतला, उलटा करून तळवा पाहिला आणि विचारलं, "हात बरा आहे?"

मी हो म्हणालो. हे माझं दुसरं खोटं.

ते गाडीत चढले. कंडक्टरने घंटी दिली. एस.टी. वळणापलीकडे दिसेनाशी झाली, लोक पांगले, तरी मी हात पुढे धरून तिथेच उभा होतो. माझी छडी राहिली होती.