बाजार क्लबचा सेंटर हाफ

उत्तम रिकामा रस्ता ओलांडतानासुद्धा आधी उजव्या खांद्यावरून मागे पाहायचा, मग डाव्या, आणि मगच पाऊल उचलायचा. पंगतीत बसतानाही तेच. स्वतःच्या लग्नात हार घालायच्या आधीही त्याने दोन्हीकडे मान वळवली, तेव्हा नवरीकडच्यांना वाटलं पोरगा पळायची वाट शोधतो आहे. मी त्याच्या मागेच उभा होतो. "काय पाहून राह्यला बे?" म्हटलं. तर म्हणाला, "काही नाही, कोन कुठं हाय ते पाह्यलं."

ही खोड त्याला फुटबॉलने लावली होती. बॉल पायाशी येण्याआधी मैदानावर कोण कुठे आहे हे त्याला ठाऊक असायचं. आमच्या शेलूबाजारच्या बाजार क्लबचा तो सेंटर हाफ. एक ना दोन, तब्बल चौदा वर्षं. आणि क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून मैदानाच्या नव्या भिंतीवर ऑइलपेंटने जी नावं रंगवली, त्यात उत्तमचं नाव नव्हतं. हे मी शांतपणे लिहितो आहे असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे. आमची मंडळी स्वयंपाकघरातून दोनदा विचारून गेली, "पेन तोडता काय?"

माझा फुटबॉलशी संबंध काय, ते आधी सांगून टाकतो. मला एकदा, एकदाच, गोलकीपर म्हणून उभं केलं होतं. मानोऱ्याच्या टीमने सात गोल मारले. आठवाही झाला असता, पण तो मारणाराच हसत हसत खाली बसला. दुसऱ्या दिवशी क्लबने माझ्या हातात खडू दिला. माझं अक्षर चांगलं. मोटार स्टँडवर क्लबचा फळा असायचा, त्यावर मॅचचा निकाल आणि गोल मारणाऱ्यांची नावं लिहायची, आणि तेच घरी येऊन रजिस्टरमध्ये उतरवायचं. बाजाराच्या दिवशी गावोगावची माणसं तो फळा वाचायची. फळ्यावर नाव आलं की पोराचं लग्न जुळायला मदत होते, अशी समजूत होती. माझं स्वतःचं जुळायला चार वर्षं लागली, ते सोडा.

आमचं मैदान म्हणजे गुरांच्या बाजाराची जागा. बाजार उठला की जमिनीत खुंट्या राहायच्या, काही उपटलेल्या जागी भोकं. मॅचच्या दिवशी आमचे खेळाडू आरशात केस पाहत असायचे आणि उत्तम एकटा मैदानभर फिरून खुंट्या उपटत असायचा, भोकांत माती टाकून टाचेने दाबत असायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, ते गड्याचं काम हाय." तर म्हणाला, "विन्या, पाय मोडंल तं आपलाच मोडंल काय? त्यायचा बी मोडू शकते." समोरच्या टीमच्या पायांचीही काळजी. याला काय म्हणावं! समोरचे मात्र त्याच दाबलेल्या मातीवर उभे राहून त्याच्या नडगीवर लाथा घालायचे.

बॉलबद्दल त्याचं एक म्हणणं ठरलेलं होतं. "बॉल आपला नसते. तो पाहुना हाय. आला, चहा पाजला, वाटेले लावला." पायाशी बॉल दोन टप्प्यांच्या वर कधी थांबला नाही. तो वाटेला लागायचा तो बहुतेक चंपतरावच्या पायात. चंपतराव आमचा सेंटर फॉरवर्ड. उंच, गोरा, गोल मारला की दोन्ही हात पसरून बाजाराच्या बाजूला धावणारा. लोक त्याला खांद्यावर घ्यायचे. मीही एकदा घेतला होता, पाठ अजून दुखते.

एका फायनलला शेवटची पाच मिनिटं उरली होती, बरोबरी. उत्तमसमोर गोलकीपर पडलेला, गोल सताड उघडा, मध्ये फक्त एक बॅक धडपडत उठतो आहे. शेंबडं पोरगंही गोल मारेल. उत्तमने मान वळवली आणि बॉल डावीकडे चंपतरावला दिला. चंपतरावने मारला. आम्ही जिंकलो. मी खडू फेकून धावत गेलो, "काहून देल्ला बे त्याले? तुह्यं नाव आलं असतं ना फळ्यावर!" घाम पुसत म्हणाला, "माह्यासमोर एक पाय तरी होता, त्याच्यासमोर तो बी नव्हता." जणू भाजी कोणत्या पिशवीत टाकायची एवढाच प्रश्न होता. त्या संध्याकाळी मी फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं: गोल, चंपतराव. खाली बरीच जागा रिकामी राहिली होती. तिथे मी वेलबुट्टी काढली.

खेळ सुटल्यावर उत्तमने काळीपिवळी जीप घेतली. शेलूबाजार ते मंगरूळपीर. स्टँडवर बाकीच्या जीपमध्ये दर फाट्यावर महाभारत व्हायचं. आतल्या कोपऱ्यातल्या बाईला उतरायचं असेल तर चार माणसं, दोन पिशव्या आणि एक कोंबडी खाली उतरवावी लागे. उत्तम चढतानाच विचारायचा, "माय, कोन्या फाट्यावर?" आणि त्या हिशेबाने बसवायचा. शेवटी उतरणारे आधी आत, आधी उतरणारे दाराशी. "मास्तर, तुमी खिडकीत. पाटील, तुमी जरा सरका, तुमाले आखरीलेच जा लागते." त्याच्या जीपमधून माणसं अशी उतरायची, जशी शेंगेतून दाणे. लोक एवढंच म्हणायचे की उत्तमची गाडी लवकर पोचते. का पोचते, याचा विचार कोणी केला नाही. तो मुळात हळू चालवायचा!

मागच्या वर्षी तो गेला. कावीळ म्हणता म्हणता लिव्हर निघालं. अकोल्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, तर पलंगावर पडल्या पडल्या शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांना सांगत होता, "तुमी आता डब्याले जा, हे बाई थांबतात, मंग ते जातीन." वॉर्डातली माणसं फिरवत होता.

आणि मग ही भिंत. कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले असताना मी मैदानावर गेलो. वर मोठ्या अक्षरात 'क्लबचे अमर खेळाडू', खाली अकरा नावं, प्रत्येकापुढे गोलांचा आकडा. सगळ्यात वर चंपतराव. तो आता क्लबचा अध्यक्षही आहे. मी खालपर्यंत वाचत आलो. उत्तम नाही. गोलकीपरही नाही. बॅक नाही. अकराच्या अकरा गोल मारणारे. ही टीम मैदानात उतरली तर समोरच्या टीमने चहा पीत पीत वीस गोल मारावेत! वर कहर म्हणजे दहाव्या नंबरला बाबाराव. या बाबारावने आयुष्यात एकच गोल मारला, तो स्वतःच्याच गोलमध्ये.

तसाच तणतणत क्लबच्या खोलीवर गेलो. मीटिंग चालू होती.

"ही यादी कोन्या शहाण्यानं केली?"

चंपतराव म्हणाला, "बसा विनूभाऊ. पानी घ्या. यादी आमी नाही केली, रजिस्टरनं केली."

"कोन्तं रजिस्टर?"

त्याने टेबलावर लाल कापडी पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर ठेवलं. उघडलं. अक्षर वळणदार, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. माझं. चौदा वर्षांच्या मॅचेस, आणि उत्तमचं नाव शोधून सापडत नाही. गोल, गोल, गोल. कोणी मारला ते आहे, बॉल आला कुठून ते कुठेच नाही. बाबारावचा गोलही मी नुसता 'बाबाराव' म्हणून लिहिला होता, कोणत्या बाजूला ते लिहायचं राहिलं. समोरच्या खुर्चीत बाबारावचा जावई बसला होता, तो समितीवर आहे. त्याच्यासमोर मी सासऱ्याचा इतिहास काढू शकलो नाही. इतका वेळ ज्या शहाण्याला शोधत होतो, तो माझ्याच खुर्चीत पाणी पीत बसला होता.

तरी मी म्हटलं, "चंपतराव, तुह्ये गोल आठव ना. बॉल कोन देये तुले?"

तो चष्मा पुसत म्हणाला, "तीस वर्षांची गोष्ट. आता कुठं आठवते, भाऊ?"

कोपऱ्यातून नेमूसेठ उठले. नेमूसेठ म्हणजे आमच्या बाजारातले किराणा दुकानदार, क्लबची एकही मॅच न चुकवलेले. पण एकही मॅच पूर्ण न पाहिलेले, कारण सूर्य मावळायच्या आत घरी जेवण. निम्म्याहून जास्त गोल ते घरी निघाल्यावर व्हायचे. नेमूसेठ म्हणाले, "मले विचारा. मी गोल लय कमी पाह्यले. मी काय पाह्यलं? उत्तमनं बॉल देल्ला की मी छत्री उचलो अन् निघो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो की मांगून आरडाओरडा आयकू येये. मले मालूम राहे, गोल झाला. अध्यक्षसाहेब, तुमी पाय लावाच्या आंधी मले मालूम राहे."

सगळे हसले. चंपतरावही हसला. पण यादी यादीच राहिली. "रजिस्टरच्या बाहेर गेलो तं उद्या गावातला प्रत्येक मानूस नाव मांगन," असं ठरलं. आणि भिंतीवर जागाही नव्हती.

जागा होती. सगळे भिंतीशी जाऊन उभे राहिलो, तेव्हा मला दिसली; आधी रागात सुटली होती. अकरा नावांखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: 'नोंद ठेवणारे' आणि पुढे माझं नाव. सात गोल खाणाऱ्याचं नाव भिंतीवर, आणि ज्याने खुंट्या उपटल्या त्याचं नाही! मी म्हटलं, "माह्यं नाव पुसा, ते 'नोंद ठेवणारे' बी पुसा. तिथं उत्तमचं लिहा. नाही तं मी स्वतः चुना घेऊन येतो." माझ्यासारख्या माणसाने हे म्हटलं याचाच सगळ्यांना एवढा धक्का बसला की ते हो म्हणाले. फक्त पेंटरने अडचण काढली. सगळ्यांपुढे आकडा आहे, याच्यापुढे काय लिहू? मोकळं सोडलं तर ओळ अर्धवट दिसते.

चंपतराव म्हणाला, "शून्य लिहा लागंल. ते बरं दिसंल काय? त्यापेक्षा राहू द्या ना."

मलाही ते पटलं. शून्य म्हणजे अपमानच. रात्रभर बायकोला झोपू दिलं नाही. सकाळी उत्तमच्या घरी गेलो. सुशीलावहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. कसंबसं सांगितलं, "वहिनी, नाव येते, पन पुढं शून्य टाका लागते. तुमी म्हनसान तं नको."

सुपातला कोंडा उडवत वहिनी म्हणाल्या, "मंग टाका ना. खोटं थोडीच हाय?"

"पन लोक काय म्हनतीन?"

"लोकायले काही म्हना लागंल ना, भाऊजी. इतले दिवस कोनी काहीच नाही म्हटलं."

मी तिथेच ओट्यावर बसलो. इतकी वर्षं नोंदी ठेवून मला जे कळलं नाही, ते त्या तूर पाखडता पाखडता सांगून मोकळ्या झाल्या होत्या. पेंटरने त्याच दिवशी लिहिलं. उत्तम, आणि पुढे चांगलं गरगरीत शून्य.

कार्यक्रम झाला, हार झाले, भाषणं झाली. उत्तमचं नाव कोणी भाषणात घेतलं नाही. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पंधराएक दिवसांनी सकाळी मी स्टँडवर उभा होतो. भिंत तिथून समोरच दिसते. बाकावर चंपतराव पेपर वाचत बसला होता. शिरपूरला दर्शनाला निघालेली एक म्हातारी बाई जीपची वाट पाहत भिंत वाचत होती. तिने चंपतरावलाच विचारलं, "काहो दादा, साऱ्यायच्या नावापुढं आकडे, अन् या बिचाऱ्यापुढं शून्य कायले?"

चंपतरावने पेपर खाली केला. "खेळे तो आमच्यासंगं."

"शून्य करनाऱ्याचं नाव कायले लिहिलं मंग?"

माझ्या तोंडात दहा उत्तरं आली. पण विचारलं होतं चंपतरावला. चंपतराव भिंतीकडे पाहत बसला, वरच्या ओळीकडे, मग खालच्या. जीप आली, कंडक्टर ओरडायला लागला, तरी बाई हलेना. शेवटी तो म्हणाला, "वरचं नाव माह्यं हाय, माय. ते जे गोल हायेत, त्यायचा बॉल यानं देल्ला होता."

"सारे?"

"सारेच म्हना."

बाई बरं म्हणून जीपमध्ये चढली. मीटिंगमध्ये अकरा माणसांसमोर जे आठवलं नव्हतं, ते एका अनोळखी बाईपुढे आठवलं! त्याला जाऊन धरावं असं मनात आलं. पण मी तसाच घरी निघालो. बोललो असतो तर एक तर भांडलो असतो, नाही तर रडलो असतो, आणि स्टँडवर ओळखीची माणसं फार.