बुधवारचा खबऱ्या

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि मग थोडी शरम वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांचे तपशील आता पुसट होत चालले आहेत. पण निवृत्तीला दीड वर्ष उरले असताना, भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्याचा ठाणेदार म्हणून माझ्यापुढे आलेला हा साधा अर्ज मात्र जसाच्या तसा डोक्यात बसला आहे. कोणाचे नाव घेणार नाही. ती माणसे अजून तिथेच राहतात आणि मला वाटेत भेटली तर चहा पाजतात.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदाराने आत येऊन सांगितले की गावातले कोशाचे शेठ आले आहेत आणि त्यांना एकट्याने बोलायचे आहे. हे गृहस्थ कोसा रेशमाच्या साड्यांचे व्यापारी. वडील हातमागावर बसायचे, यांनी बाजारात दुकान थाटले. वय पंचावन्नच्या आसपास. भजनात पुढे, भांडणात मागे, अशी ख्याती. आत येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने दार लोटून घेतले.

"साहेब, माझ्या मागं माणूस लागला आहे."

"कोण?"

"तेच तर समजून नाही राहिलं. मी कुठं जातो, किती वेळ थांबतो, सारं माझ्या बायकोले ठाऊक असते. मी घरी पोहोचायच्या आधी!"

मी कागद पुढे ओढला. व्यापाऱ्यावर कोणी पाळत ठेवत असेल तर पुढे लूटमार होऊ शकते, म्हणून असा अर्ज हसण्यावारी नेता येत नाही. शेठने सविस्तर सांगितले. चार महिन्यांपूर्वी त्यांनी नवी गाडी घेतली. बुधवारी दुकान बंद असते, त्या दिवशी ते गाडी घेऊन बाहेर जातात. घरी आले की बाई पाण्याचा गडवा हातात देत विचारतात, "एवढ्या जोरात ब्रेक कायले मारला?" कधी विचारतात, "गाडी उभी होती, तर एसी सव्वा तास चालू काहून होता? आत कोण बसलं होतं?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"बँकेत गेलो होतो म्हणतो."

"आणि खरोखर कुठे जाता?"

शेठने रुमालाने मान पुसली. "ते सोडा न साहेब. तुम्ही फक्त तो माणूस पकडा."

त्यांचा पहिला संशय ड्रायव्हरवर होता. चौदा वर्षे इमाने काम केलेल्या माणसाला त्यांनी महिन्यापूर्वी कामावरून काढले आणि तेव्हापासून गाडी स्वतः चालवू लागले. तरी बातमी फुटतच होती. म्हणून आता त्यांना वाटत होते की ड्रायव्हरनेच सूड म्हणून मोटारसायकलवरचा कोणी माणूस मागे लावला आहे.

मी ड्रायव्हरला समजपत्र पाठवून बोलावले. आला आणि त्याने स्वतःचाच एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. मालकाच्या घरच्या गोष्टी फोडतो, असे नाव गावात झाल्यामुळे त्याला कुठेही काम मिळत नव्हते. जवाहरनगरला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एकाकडे गाडी चालवण्याची बोलणी झाली होती, तीही त्यामुळेच फिसकटली. घरी मुलीचे लग्न ठरत आलेले, आणि बापावर चुगलखोरीचा शिक्का.

माझी एक जुनी पद्धत होती. संशयिताला आधी तासभर बाकावर बसवायचे. निम्मा जबाब त्या बाकावरच तयार होतो. मी याला बसवले आणि तासाभराने बाहेर डोकावलो, तर गडी भिंतीला टेकून चक्क घोरत होता. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात अपराधी माणूस ठाण्याच्या बाकावर घोरला नव्हता. तरी आत घेतले.

"बुधवारी शेठ कुठे जातात?"

"मालकाची गोष्ट मालकाले विचारा साहेब."

"तूच नेत होतास ना?"

"नेत होतो."

"मग सांग."

"नाही सांगत."

आवाज चढवून पाहिला, गोडीत विचारून पाहिले, चहा मागवला. चहा प्यायला आणि पुन्हा "मालकाले विचारा" म्हणाला. ज्या माणसाला चुगलीच्या आळापायी नोकरी गमवावी लागली, तो पोलीस ठाण्यातही चुगली करायला तयार नव्हता. तेव्हाच मी मनाशी ठरवले की बातमी याच्याकडून फुटलेली नाही. पण मग कोणाकडून?

पुढच्या बुधवारी मी शेठच्या मागे माझा माणूस लावला. हवालदार अनुभवी होता. काम एवढेच की शेठच्या गाडीमागे लांबून जायचे आणि आणखी कोणी तिच्या मागे आहे का ते पाहायचे. साध्या वेशात, लाल दुपट्टा तोंडाला बांधून तो मोटारसायकलवर निघाला. ओळखपत्र सापडले तर बिंग फुटेल, म्हणून ते मीच काढून घेतले होते. हा माझा निर्णय आणि तो किती शहाणपणाचा होता, ते दुपारी कळले.

दोन वाजता नदीपलीकडच्या ठाण्यातून फोन आला. तिथले अधिकारी मला ओळखत होते. हसू दाबत म्हणाले, "तुमचा एक माणूस आमच्याकडे जमा आहे. येऊन घेऊन जा." झाले असे की तिथल्या करडी गावाच्या वेशीवर हवालदार झाडाआड उभा राहिला आणि गावकऱ्यांना तो बकरीचोर वाटला. आदल्याच आठवड्यात गावातून दोन बकऱ्या गेल्या होत्या. "मी पोलीस आहे," असे याने सांगितले, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "मागचा चोरही असंच म्हणत होता." मारहाण झाली नाही, पण दुपट्टा गेला.

संध्याकाळी शेठ धावत ठाण्यात आले. "साहेब, पाहिला मी त्याले! लाल दुपट्टा होता!"

"तो आमचाच होता," मी म्हणालो.

"अन् आजही बायकोनं विचारलं, पुलावर नव्वदनं गाडी काहून पळवली म्हणून!"

पळवली होती, कारण लाल दुपट्टा पाहून ते घाबरले होते. हवालदाराने जबाबात स्पष्ट सांगितले की रस्त्यावर त्याच्याशिवाय गाडीमागे कोणीही नव्हते. तेव्हा उरला एकच मार्ग. पुढच्या बुधवारी मी स्वतः साध्या कपड्यांत शेठच्या शेजारी जाऊन बसलो. "दर बुधवारी जिथे जाता, तिथेच चला," म्हणालो.

मी पट्टा लावला नाही. जुनी सवय. गाडी बराच वेळ टिंगटिंग करत राहिली, मग गप्प झाली. मला वाटले, कंटाळली.

वैनगंगेचा पूल आला तशी शेठने गाडी हळू केली आणि बोलायला सुरुवात केली. ते जात होते करडीला, आपल्या मेव्हण्याकडे. बाईंचा हा एकुलता एक धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यात आई गेली, तेव्हा उन्हामुळे प्रेत ठेवता येईना म्हणून भावाने बहिणीची वाट न पाहता अग्नी दिला. बाई पोहोचल्या तेव्हा धूर निघत होता. तेव्हापासून बोलणे बंद. "त्याचं नाव या घरात काढाल तर मी अन्नाले शिवणार नाही," अशी शपथ त्यांनी नवऱ्याला घातली होती. मागच्या वर्षी भावाला लकव्याचा झटका आला. शेठने ते परस्पर ऐकले आणि बुधवारी जाऊ लागले.

"घरात सांगितलं तर ती जेवण सोडते, अन् नाही गेलो तर त्याचं पाहणारं कोणी नाही," शेठ म्हणाले. "आता तुम्हीच सांगा साहेब, बँकेत जातो म्हणू नाही तर काय म्हणू?"

मेव्हणा तलावाच्या पाळीजवळ राहत होता. वर टिनाचे छप्पर, आत उकाड्याची भट्टी. म्हणून शेठ त्याला धरून गाडीत आणून बसवत, एसी लावत आणि दोघे पत्ते खेळत. त्या दिवशी आम्ही तिघे खेळलो. मेव्हणा डाव्या हाताने पाने लावत होता आणि मला सतत हरवत होता. मध्येच खाली मान घालून त्याने शेठला विचारले, "बाई कशी आहे?" तिकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. शेठ म्हणाले, "बरी आहे." दर बुधवारी हा प्रश्न आणि हे उत्तर ठरलेले असावे.

परतताना मी मागे वळून वळून पाहिले. रस्ता मोकळा. गाडीत आम्ही दोघेच. मी तर कोणाला काही सांगणार नव्हतो. शेठच्या घरी पोहोचलो. बाईंनी दार उघडले, मला नमस्कार केला आणि म्हणाल्या,

"साहेब, समोरच्या सीटवर तुम्हीच होते न? पट्टा नव्हता लावला. पोलिसवाल्यानं तरी लावावा."

तपासात अशी एक घडी येते, जेव्हा सगळे संशयित संपतात आणि मग उरलेल्या गोष्टीकडे आपण पहिल्यांदा नीट पाहतो. मी दारातून मागे वळून गाडीकडे पाहिले. ती अंगणात निमूट उभी होती.

"बाई, तुमचा फोन दाखवता का?"

त्यांनी पदराला पुसून फोन दिला. पडद्यावर नकाशा, नकाशावर निळा ठिपका. गाडी कुठे गेली, किती वेगाने, कुठे किती वेळ थांबली, एसी, दार, पट्टा, सगळी नोंद. आमच्या स्टेशन डायरीतही एवढी बारीक नोंद कधी होत नसे. गाडी घेताना शोरूममधल्या माणसाने मोबाईल नंबर मागितला होता. शेठकडे बटणांचा साधा फोन. "बायकोचा टाका," असे सांगून त्यांनी स्वतः सही केली होती.

"म्हणजे हा खबऱ्या मीच विकत आणला?" शेठ मटकन खाटेवर बसले. मग एकदम त्यांच्या ध्यानात आले की नकाशावर करडीही दिसत असणार. त्यांचा चेहरा उतरला. बाई मात्र शांत होत्या.

"जागा मले पहिल्याच बुधवारी समजली. माझं माहेर मले ओळखू येणार नाही काय?"

"मंग विचारलं काहून नाही?"

"विचारूनच तर राहिली होती! एसी कायले चालू, आत कोण बसलं होतं. तुम्ही म्हणत होते, बँक." त्यांनी माझ्या हातातून फोन परत घेतला. "शपथ मी घातली होती. मोडायची तर तुम्ही मोडा म्हटलं. बुधवारी दुपारभर त्या ठिपक्याकडे पाहत बसत होती. तिथं थांबला की वाटे, मी माहेरी गेली."

मग त्यांनी विचारले, "हात उचलते काय तो आता?"

"उजवा नाही," शेठ म्हणाले.

बाई चहा करायला आत गेल्या. चहा यायला फार वेळ लागला. आला तेव्हा त्यात साखर नव्हती. आम्ही दोघांनीही निमूट प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी शेठला घेऊन ड्रायव्हरच्या घरी गेलो. शेठने चार शेजाऱ्यांदेखत हात जोडले. ड्रायव्हर त्यांचे हात धरून खाली करत म्हणाला, "येतो मी. पण त्या गाडीले आधी सांगा, माझ्या घरची वाट ध्यानात ठेवू नको म्हणा." पुढच्या बुधवारी बाईंना करडीला त्यानेच नेले. तिथे काय झाले हे त्याने मला आपण होऊन सांगितले. त्याने फोडलेली ही एकमेव बातमी. बाई गाडीतून उतरल्या, अकरा वर्षांनी भावापुढे उभ्या राहिल्या आणि पहिले वाक्य बोलल्या, "टिनावर थंडाव्याले धानाची तणस काहून नाही टाकली रे? एवढंही सुचत नाही तुले?" भाऊ लहान लेकरासारखा रडला.

दोन्ही अर्जांवर मी शेरा मारला, "चौकशीअंती दखलपात्र बाब आढळून आली नाही, सबब अर्ज नस्तीबद्ध करण्यात येत आहे." हवालदाराला नवा दुपट्टा मी माझ्या खिशातून घेऊन दिला.

यातून मी काय शिकलो? पहिली गोष्ट शरमेची. आम्ही माणसांवर संशय घेत हिंडलो आणि वस्तूकडे पाहिलेच नाही. त्यानंतर कोणी बाई ठाण्यात येऊन म्हणाली, "मी कुठं जाते ते नवऱ्याले समजते, अन् मंग मार पडते," तर मी आधी तिचा फोन आणि तिची गाडी कोणाच्या नंबरला जोडली आहे ते पाहायला लावत असे. दोनदा तिथेच धागा सापडला. तिथे मात्र मला हसू आले नाही. शेठच्या घरचा निळा ठिपका एका मायाळू बाईच्या हाती होता, हे त्यांचे नशीब. आणि दुसरी गोष्ट अशी की त्या गाडीने सगळे खरे सांगितले, वेळ, वेग, जागा. तरी त्या घरात चार महिने दोन माणसे एकमेकांशी खरे बोलत नव्हती.

निवृत्तीनंतर मीही तशीच गाडी घेतली. शोरूममध्ये नंबर विचारला तेव्हा मी जरा विचार करून घरच्यांचाच दिला. संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून सगळे समजावले. हा नकाशा, हा ठिपका, आता मी कुठे आहे ते तुला बसल्या जागी दिसेल. तिने चष्मा लावून थोडा वेळ पाहिले.

"तीस वर्षं तुम्ही कुठं असता ते मले माहीतच होतं, ठाण्यात," ती म्हणाली. "जेवाले कधी येता, हे दिसते काय यात?"