किझायावहिनीचं तोंड

इनॉस थॅक्रे डोरिगोच्या डोंगरातून बैलांनी ओंडके ओढायचा. शिवी खाल्ल्याशिवाय त्याचा एकही बैल पाऊल टाकत नसे. बायको किझाया मात्र चर्चची कट्टर. चुकून ‘मेलं’ म्हणाली तरी ओठ पुसायची. या दोघांचं जमतं कसं, याचं मला भारी कुतूहल. मी आणि माझा जोडीदार करवत्ये. लांब करवत दोन टोकांना धरायची, आपापल्याकडे फक्त ओढायची, ढकलायची नाही. पात्याला चीक धरला की रॉकेल शिंपडायचं. तोंड रिकामंच असतं, म्हणून नसत्या चौकशा.

एकदा उतारावर साखळी सरकली, ओंडका गडगडला आणि इनॉसचा पाय खाली सापडला. तो बेशुद्ध. आम्ही पहारी लावल्या, ओंडका हलेना. बैल साखळीला जुंपलेलेच होते. त्यांनी जरा पुढे ओढलं की पाय सुटणार. मी चाबूक फडकावला, ठेवणीतल्या शिव्या दिल्या. बैल रवंथ करत राहिले. शिव्या माझ्या होत्या, इनॉसच्या नव्हत्या.

तेवढ्यात वहिनी त्याचं जेवण घेऊन आली. पाहिलं आणि जेवण तिथेच टाकून बैलांकडे धावली.

“कॅप्टन, चल रे बाळा,” ती पुढच्या बैलाला म्हणाली. कॅप्टनने शेपटी हलवली.

“वहिनी, त्यांना गोड बोललेलं कळत नाही.”

“मग कान झाका तुम्ही.”

“अहो, पण...”

“झाका म्हणते ना, भावोजी!”

मी कान झाकले, पण बोटांत फट ठेवून. बाईने टोपीची नाडी आवळली.

“कॅप्टन, मुडद्या! बाल्डी, रांडेच्या, कातडी सोलून जोडे शिवीन तुझे! उचल पाय!”

क्रम इनॉसचाच, हेल त्याचाच, मधे थुंकायची जागासुद्धा तीच. जुवं करकरली, साखळी ताठ झाली, ओंडका सरकला. आम्ही इनॉसला बाहेर ओढलं. पाय गेला, माणूस वाचला.

पुढे मी विचारलंच. “वहिनी, हे शिकलात कुठे?”

“शिकतेय कशाला! हे घाट चढायला लागले की यांचं सगळं घरापर्यंत ऐकू यायचं. मधेच आवाज थांबला की वाटायचं, यांना काही झालं तर नाही? म्हणून घाट संपेपर्यंत दारात उभी राहायचे, मनात यांच्याबरोबर म्हणत.”

आता बैल तीच हाकते. रविवारी चर्चमध्ये गाते, सोमवारी घाट दणाणून सोडते. इनॉस कुबडी टेकून दारात उभा असतो, आणि शेवटची शिवी ऐकू आली की चहाचं आधण ठेवायला आत वळतो.