पुजलेला पंखा

माझ्या धाकट्या दिराइतका भित्रा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात झाला नाही आणि पुढंही व्हायचा नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ते अंगणात जाऊन उभे राहत. मिक्सर लावायचा असला तर माझ्या जावेनं आधी हाक मारून सांगायचं, असा घरात कायदा होता. एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरचे डोळे लाल आहेत का, ते खाली उभं राहून बघून घेत. एकदा त्या बघण्यातच मिरजगावची गाडी निघून गेली. अशा माणसाला म्हातारपणी छंद लागला तो पेट्रोलवर उडणाऱ्या खेळण्यातल्या विमानांचा, आणि त्या छंदातच उजवा हात अधू झाला. सगळ्यांत जास्त जपणाऱ्याचाच हात जावा, याचा मला अजून राग येतो.

खेळण्यातलं म्हणते, पण ते विमान गोऱ्ह्याएवढं लांब होतं. भाऊजी शाळेत चित्रकला शिकवायचे. रिटायर झाल्यावर पुण्यात कुणाकडं तरी जाऊन हे शिकून आले. उडवायचं रिमोटनं, पण इंजिन सुरू करायचं ते तोंडाशी असलेला पंखा हातानं फिरवून. एवढ्याशा कामाची त्यांची तयारी लग्नाएवढी असे. आधी विमानाची शेपटी बैलाच्या खुंट्याला दाव्यानं बांधायची. बायांनी पदर खोचायचे, बाप्यांनी गळ्यातलं काढून ठेवायचं. पंख्यासमोर आणि बाजूला कुणी थांबायचं नाही, सगळ्यांनी मागं. मग वेल्डिंगवाल्याचा जाड चामडी हातमोजा घालायचा. स्विच बंद ठेवून, चोक ओढून, इंजिनाला पेट्रोल पोचेपर्यंत पंखा फिरवायचा. मग चोक सोडून स्विच चालू करायचा, एकच झटका द्यायचा आणि हात मागं. स्विच बंद असतानाही ते पंख्याला विंचवासारखे हात लावत. "बंद हाय म्हनून इसरायचं न्हाई. चालूच हाय असं धरायचं," म्हणत.

एकदा सरपंच उपरणं सावरत थेट पंख्यासमोर येऊन उभे राहिले.

"सरपंच, ते गळ्यातलं काढा, आन माझ्या मागं या."

"मास्तर, ह्या गावात मी कुनाच्या मागं हुबा ऱ्हात न्हाई. आन इमान हाय का मारका बैल?"

"बैल बरा. त्याची शिंगं दिसत्यात तरी. हा पंखा फिराय लागला की दिसत बी न्हाई."

सरपंच मागं आले, पण पुढं कितीतरी दिवस बोलत नव्हते. भाऊजींना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या विमानापायी कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता.

मग तो दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याला नांगर, कोयता, मोटार सगळं पुजतात. जावेनं विमानही पुजलं. पंख्याच्या दोन्ही पात्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. भाऊजींनी माळ काढली, दोरा कुठं अडकलाय का ते पाहिलं, दावं बांधलं, सगळ्यांना मागं घेतलं. हातमोजा घातला. हात पात्याकडं नेला आणि थांबले.

"पुजलेल्याला चामडं लावू न्हाई," असं म्हणून त्यांनी मोजा काढून ठेवला.

सगळ्यांना तेच बरोबर वाटलं. त्यांनी झटका दिला, इंजिनानं उलटी उसळी घेतली आणि पातं बोटांवर आलं. पात्यावरचं कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, ते कळेना. तसंच जीपमध्ये घालून नगरला नेलं.

जखम भरली, पण दोन बोटं वळत नाहीत. कुंकू लावलं म्हणूनच झालं, असं जाऊ धरून बसली. मी तिला म्हटलं, "रडू नको. कुंकवानं बोट कापत नसतं, मोजा काढल्यानं कापतं." देवाला त्या चामड्याचं काही वाटलं नसतं. वाटलं असतं तरी मी त्याच्याशी भांडले असते.

पुतण्यानं पंखा फिरवायचं बॅटरीवरचं यंत्र आणून दिलं. त्यानं पंख्याला हात लावावाच लागत नाही. ते खोक्यातच पडून आहे. मी सरळ विचारलं, "भाऊजी, भ्या वाटतं का आता?"

"भ्या तर पयल्यापासनंच हुतं, वहिनी. त्याच्यावरच तर भागत हुतं," ते म्हणाले. "ऐन टायमाला त्ये गप बसलं. आता त्याच्यावर भरवसा न्हाई."

हल्ली संध्याकाळी चहा झाला की ते विमान घरीच ठेवून एकटेच माळावर जातात. उभे राहून येतात. परवा आले तेव्हा मी भाकरी थापत होते.

"वारा कसा हाय?" मी विचारलं.

"सरळ हाय. लई चांगला हाय."

"मग?"

"मग काय," ते पायरीवर टेकत म्हणाले. "चांगला हाय, म्हनलं."